अलास्काच्या निर्जन किनाऱ्यावरच्या निवासवृत्तीत (म्हणजे काही दिवस तिथे राहून कला करण्याच्या ‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’त) चित्रकाराला नेमकं काय करावं लागतं?

स्टुडिओ, टेबल, शांत खोली असं काही डोळ्यांपुढे आणू नका. ‘व्हॉइसेस ऑफ द वाइल्डरनेस’ या उपक्रमात कलाकार यूएस फॉरेस्ट सर्व्हिससारख्या सरकारी खात्याच्या रेंजरसोबत राहतो. टंगास राष्ट्रीय वनातल्या हिमनद्यांच्या खाड्यांत कयाक म्हणजे छोटी अरुंद होडी वल्हवायची, तंबूत झोपायचं, कचरा उचलायला, नोंदी घ्यायला हातभार लावायचा. नंतर एक कलाकृती खात्याला भेट द्यायची आणि लोकांसमोर अनुभव मांडायचा.

हे पावसाळी जंगल आहे, त्यामुळे जलरंग वाळता वाळत नाहीत. पेन्सिल आणि पाण्यात टिकणारा कागदच न्या. अस्वलांमुळे खाणं तंबूत ठेवायचं नाही, हेही आलंच. रेंजरचं काम जवळून बघायला मिळतं, मला तीच खरी कमाई वाटते. जरूर अर्ज करा.