तीन आठवड्यांच्या बाळाच्या ईसीजीवर ‘राइट अ‍ॅक्सिस, अ‍ॅबनॉर्मल’ आलंय, हार्टचा प्रॉब्लेम असेल का?

मी रोज लहान मुलांचे ईसीजी वाचते म्हणून सांगते, मशीनने वर छापलेली ओळ वाचून घाबरू नका. बऱ्याच मशीन मोठ्या माणसांच्याच हिशोबाने बोलतात, त्यातून बाळाचं वय मशीनमध्ये टाकायचं राहिलं असेल तर विचारूच नका. पोटात असताना फुफ्फुसांचं काम सुरू झालेलं नसतं, शरीराला रक्त पुरवायचा मोठा भार हृदयाची उजवी बाजू उचलते, त्यामुळे जन्मतः ती जाड असते आणि अ‍ॅक्सिस (हृदयातल्या विजेच्या प्रवाहाची एकूण दिशा) उजवीकडे, साधारण १२०-१३० अंशांवर असतो. मोठ्यांमध्ये ९०च्या पुढे गेला की आम्ही थबकतो, बाळात तो नॉर्मल. रेट (मिनिटाचे ठोके) १५० दिसला तरी तेच, रडतंय, हातपाय झाडतंय, एवढा असणारच.

मी सगळ्यात आधी वय बघते आणि मग व्ही१ लीडमधली (छातीवर लावलेल्या पहिल्या तारेच्या नोंदीतली) टी वेव्ह, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटी येणारी लाट. पहिले काही दिवस ती वर असते, साधारण आठवडाभरात उलटी होते आणि मग कितीतरी वर्षं उलटीच राहते, मोठ्या माणसात व्ही१ ते व्ही३ अशी उलटी दिसली तर धावपळ होईल पण मुलांत ते ठीक. उलट तुमच्या बाळाच्या वयाला ती अजून वरच असेल तर उजव्या कप्प्यावर ताण आहे का हे तपासावं लागतं, म्हणजे मोठ्यांना जे चांगलं तेच इथे शंकेचं! तसंच अ‍ॅक्सिस डावीकडे वर गेलेला असेल तर मी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायलाच सांगते, कारण हृदयाच्या मधल्या पडद्यात मोठं छिद्र असलेल्या काही बाळांत तो तसा दिसतो.

पट्टी न बघता तुमच्या बाळाबद्दल नक्की काही सांगणं बरोबर नाही, आणि ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाची रचना नॉर्मल असंही नाही. मूळ कागद (मोबाईलमधला तिरका फोटो नको, चौकोन मोजता येत नाहीत) घेऊन मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, जन्म कितव्या महिन्यात झाला तेही सांगा. पण दूध पिताना घाम येतोय, दम लागून मध्येच सोडून देतंय, ओठ-जीभ निळी दिसतेय किंवा बाळ शांत असतानाही ठोके २२०च्या वर एकसारखे चाललेत, यातलं काहीही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आत्ताच हॉस्पिटल गाठा.