लॅपटॉपला वायफाय जोडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही साताऱ्यात मंगळवार पेठेत जुन्या दगडी घरात राहतो. मुलीच्या कॉलेजसाठी फायबरचं कनेक्शन घेतलं. मोबाईलवर आमच्या वायफायची दोन नावं येतात, एकाच्या शेवटी ५जी असं आहे, पण लॅपटॉपवर एकच नाव येतंय, त्याला तो जोडला जातो. लॅपटॉप जुना आहे. दुकानात दाखवला तर वायफाय कार्ड गेलंय, बदला म्हणाले. मागच्या खोलीत तर रेंजच नाही. राउटर पुढच्या खोलीतल्या देवळीत ठेवलाय.

उत्तर : ताई, कार्ड अजिबात बदलू नका. कार्ड गेलं असतं तर एकही नाव दिसलं नसतं, तुम्हाला एक दिसतंय आणि त्याला जोडलंही जातंय म्हणजे ते धडधाकट आहे. तुमचा राउटर दोन बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. शेवटी ५जी लिहिलेलं नाव ५ गिगाहर्ट्झचं, त्याचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही. जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा फक्त २.४ वालं कार्ड असतं, त्याला दुसरं नाव दिसणारच नाही, कितीही सेटिंग बदला.

खात्री करायची असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि नेटवर्क अडॅप्टर्समध्ये कार्डाचं नाव वाचा. ८०२.११ च्या पुढं नुसतं बी, जी, एन असेल तर बहुतेक २.४ च समजा, एसी असेल तर ५ नक्की चालतं. एसी असूनही नाव येत नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये ५ चा चॅनल (बँडमधली ठरावीक वाट) ३६ ते ४८ च्या मधला करून बघा, वरचे काही चॅनल सगळ्या लॅपटॉपना पकडता येत नाहीत. आणि फक्त २.४ च निघालं तरी क्लाससाठी ते पुरतं हो. फारच अडलं तर ड्युअल बँडचा यूएसबी वायफाय डोंगल घ्या, लॅपटॉप खोलायची गरजच नाही.

आता देवळी. खरी गडबड तिथंच आहे असं मला वाटतं. जाड दगडी भिंतीत खोल कोनाड्यात राउटर ठेवला की मागं दगड, वर दगड, दोन्ही बाजूला दगड, सिग्नल जातो तो फक्त समोरच्या बाजूला, आणि मागच्या खोलीत जायचं तर त्याला अख्खी भिंत पार करायची. राउटर बाहेर काढा, डोक्याच्या उंचीवर मोकळ्या जागी, दाराच्या रेषेत ठेवा म्हणजे दारातून तरी सिग्नल आत जाईल. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, टीव्हीच्या मागची जागा, हे सगळं टाळा. भिंतीतून २.४ जास्त लांब जातं, ५ जवळ फास्ट असतं पण भिंत आली की लवकर पडतं, त्यामुळं मागच्या खोलीत मोबाईललासुद्धा २.४ च जोडा. शेजारीपाजारी सगळ्यांचे राउटर असतील तर २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यातला जो मोकळा असेल तो ठेवा, हे तिघेच एकमेकांवर चढत नाहीत. आणि एवढं करूनही मागं रेंज नाहीच आली तर लॅन केबल ओढून मागच्या खोलीत दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरचं नेट तिथं वायफायनं देणारा म्हणून लावा. दगडी घरात रिपीटरपेक्षा (वायफायचा सिग्नल पकडून पुढं देणाऱ्या डबीपेक्षा) केबलच भारी, रिपीटरला मुळात चांगला सिग्नल मिळाला तरच तो पुढं देणार ना, आणि साधा रिपीटर स्पीडही जवळपास निम्मा करतो.

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला राहतो, इंजिनिअरिंगला आहे. विंडोज नव्यानं टाकली आणि वायफायचं चिन्हच गायब झालं. ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) डाउनलोड करायचा तर नेट पाहिजे आणि नेटसाठी ड्रायव्हर पाहिजे, होस्टेलवर लॅनची सोय नाही.

उत्तर : मित्रा, मोबाईलची चार्जिंग केबल आहे ना, तेवढी बास. फोन केबलनं लॅपटॉपला लाव, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टिथरिंगमध्ये जाऊन यूएसबी टिथरिंग चालू कर. बऱ्याचशा अँड्रॉइड फोनला लॅपटॉप लॅनसारखं धरतो, वायफायचा ड्रायव्हर लागत नाही. मग विंडोज अपडेटमध्ये ऑप्शनल अपडेट्स बघ, तिथं नसेल तर लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर घे. सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं मात्र टाकू नकोस, त्यांच्यासोबत काय काय येतं ते नंतर निस्तरत बसावं लागतं.

त्याआधी एकदा एअरप्लेन मोडचं बटण चुकून दाबलं गेलं नाही ना ते बघ, जुन्या लॅपटॉपला बाजूला वायफायचा छोटा स्विचही असायचा. आणि शट डाउन करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट कर, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउननं विंडोज पूर्ण बंद होतच नाही.

प्रश्न : वाईहून लिहितोय, रिटायर झालोय. लॅपटॉप वायफायला जोडला जातो पण खाली नो इंटरनेट येतं. दर वेळी मुलाला फोन करावा लागतो.

उत्तर : काका, पहिलं हे बघायचं की तुटलंय कुठं, लॅपटॉप ते राउटर की राउटर ते बाहेर. मोबाईलचा डेटा बंद करा आणि त्याच वायफायवर काहीतरी उघडा. मोबाईलवरही चालत नसेल तर लॅपटॉपला हातच लावू नका. राउटरवर एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरमध्येच अडचण आहे, सरळ कनेक्शनवाल्यांना फोन करा.

मोबाईलवर चालतंय आणि लॅपटॉपवरच नाही असं असेल तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख आणि वेळ बघा. जुन्या लॅपटॉपमधली छोटी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागं जाते आणि मग बँकेच्या, सरकारी साइट उघडतच नाहीत, कारण साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेशी जुळत नाही. तारीख बरोबर असेल तर वायफायच्या नावावर राइट क्लिक करून फरगेट करा आणि पासवर्ड टाकून परत जोडा. आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा नंबर, १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं लॅपटॉपला नंबरच दिलेला नाही, राउटर बंद करून थोड्या वेळानं चालू करा. नेटवर्क रीसेट अगदी शेवटी, त्यानं सेव्ह केलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, म्हणून आधी लिहून ठेवा.

प्रश्न : राउटर बदलल्यापासून जुना लॅपटॉप पासवर्ड बरोबर टाकूनही जोडला जात नाही. (कराड)

उत्तर : नवीन राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर असणार. ही सुरक्षा २०१८ ला आली, त्याआधीच्या बऱ्याच लॅपटॉपना ती झेपत नाही. राउटरच्या सेटिंगच्या पेजवर डब्ल्यूपीए२ (आधीची पद्धत) आणि ३ मिक्स असा पर्याय असतो तो निवडा, दोघंही चालतील. डब्ल्यूईपी नावाचा जुना पर्याय दिसला तर चुकूनही घेऊ नका, तो फोडणं फार सोपं आहे.

प्रश्न : शेतावर असताना मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवतो, दिवसाचा डेटा तासाभरात संपतो. (तासगाव)

उत्तर : मागं विंडोज अपडेट चालू असणार दादा. वायफायच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या नावावर क्लिक करून मीटर्ड कनेक्शन (म्हणजे इथं डेटा मोजून आहे असं विंडोजला सांगणं) ऑन करा, मग मोठी डाउनलोडं बरीचशी थांबतात. क्लाउडवर फोटो चढवणारं काही चालू असेल तर तेही पॉज करा. ही सेटिंग त्या हॉटस्पॉटपुरतीच राहते, घरच्या वायफायवर अपडेट नेहमीसारखे येत राहतील आणि ते येऊ द्या.