वेंगुर्ल्याचे घर कोणत्या रकान्यात?

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. स्पेनमधल्या आपल्या व्हॅलेन्सियाच्या शाळेने सुटीत दिलेल्या स्पॅनिशच्या अभ्यासात ‘तुमचे कुटुंब कोणत्या प्रकारचे?’ असा प्रश्न आहे. वेंगुर्ल्याच्या घरात तीन चुली असूनही आजोबा ‘आपले घर एकच’ असे का म्हणतात आणि ते स्पॅनिशमध्ये कसे लिहायचे, असे तू विचारतेस.

तू लिहिलेले ‘फामिलिया नुमेरोसा’ आधी खोड. त्याचा शब्दशः अर्थ मोठे कुटुंब असा असला, तरी स्पेनमध्ये ती कायद्यातील संज्ञा आहे. साधारणतः तीन किंवा अधिक मुले असलेली कुटुंबे तीत मोडतात आणि त्यांना शुल्कात, प्रवासभाड्यात सवलती मिळतात. चतुर्थीला ओटीवर १९ पाने मांडली जातात, एवढ्यावर आपल्याला त्या मिळायच्या नाहीत.

इथे व्हॅलेन्सियात राहणारे आपण तिघे म्हणजे ‘फामिलिया नुक्लेआर’, आणि गावच्या घराला ‘फामिलिया एक्स्तेन्सा’, म्हणजे विस्तारित कुटुंब, हा शब्द जवळचा. मात्र आपल्याकडे चूल आणि कुटुंब वेगवेगळे मोजतात. आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ यांच्या चुली तुझ्या जन्माआधीच वेगळ्या झाल्या. कशावरून, ते आजीला विचार, ती तिखटमीठ लावून सांगेल. दूध, गॅस, विजेचे बिल सारे ज्याचे त्याचे आहे. पण सातबाऱ्यावर तिघांची नावे अजून एकत्र आहेत, आणि गणपती एकच, माजघरात बसतो. त्या दिवसांत दोन चुली पेटत नाहीत; मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांसह सगळ्यांचा स्वयंपाक आजीच्या चुलीवर होतो.

‘तिओ’ म्हटले की काका आणि मामा एकाच टोपलीत पडतात, ही तुझी तक्रार खरी आहे. ‘प्रिमो’मध्येही चुलत, आते, मामे, मावस असे सगळे भाऊ येतात. म्हणून स्पॅनिशला नात्यांची जाण नाही असे समजू नकोस. तुझे दोन्ही आजोबा एकमेकांचे व्याही. त्यासाठी इंग्रजीत सुटसुटीत शब्द नाही, पण स्पॅनिशमध्ये ‘कोन्सुएग्रो’ आहे. साडू तो ‘कोन्कुन्यादो’, जाऊ ती ‘कोन्कुन्यादा’. सासरच्या माणसांना तर ‘फामिलिया पोलितिका’ म्हणतात. हे प्रथम वाचले तेव्हा तुझी आई बराच वेळ हसत होती. मी कारण विचारले नाही.

‘मोनोपारेन्ताल’, म्हणजे एकट्या पालकाचे कुटुंब, हा शब्द मात्र नीट शिकून घे. खालच्या आगरातल्या काकूने नवऱ्यामागे दोन मुले एकटीने वाढवली. अशा घराला गावात वेगळे नाव नाही. लोक तिला नुसते ‘बिचारी’ म्हणतात. लहानपणी मीही एकदा तसे म्हणालो होतो. ती पहारीवर नारळ सोलत होती. हात न थांबवता, माझ्याकडे न पाहता तिने विचारले, ‘‘बिचारी कोण रे?’’ स्पॅनिश शब्दात मुलांना कोण वाढवते एवढेच सांगितलेले असते, कीव नसते.

तेव्हा रकान्यात ‘एक्स्तेन्सा’ लिही. स्पॅनिशमध्ये ‘ओगार’ म्हणजे घर, आणि घरातली विस्तव पेटवण्याची जागा म्हणजेही ‘ओगार’. म्हणून खाली ‘त्रेस ओगारेस, उना फामिलिया’ (तीन चुली, एक कुटुंब) अशी ओळ घाल आणि आजोबांना तिचा अर्थ सांग. पानांची संख्या लिहायची असेल, तर आजीकडून नक्की करून घे. १९ हा माझा गेल्या वर्षीचा आकडा आहे.

तुझा,
बाबा