पहिल्या नोकरीत मोजक्या कपड्यांचं कपाट कसं जमवावं?

तुमचा प्रश्न असा आहे: वय २४, लातूरहून पुण्यात पहिली नोकरी, भाड्याच्या खोलीत अर्धंच कपाट वाट्याला. ऑफिसात जीन्स चालते, पण महिन्यातून दोनदा बाहेरून आलेल्या लोकांसमोर बसावं लागतं. शिवाय पुढच्या सहा महिन्यांत मैत्रिणींची चार लग्नं आहेत. कमी कपड्यांत सगळं निभावेल आणि तरी छान दिसेल, असं काय घ्यावं?

मी पुण्यात बावीस वर्षं नोकरी करतेय आणि सुरुवात अशाच अर्ध्या कपाटापासून झाली होती, म्हणून मनापासून लिहिते. मिरवायच्या वस्तू मागाहून घ्या, आधी जोडणाऱ्या वस्तू घ्या. ब्लाउज, साधी पँट, ओढणी, चप्पल, गळ्यातलं एक, कानातलं एक. आपण दुकानात जाऊन कुर्ता घेतो, साडी घेतो आणि घरी आल्यावर लक्षात येतं की त्यावर घालायला काहीच नाही. मग तो कपडा वर्षातून एकदा बाहेर निघतो.

हे मला आईने शिकवलं. ती कोल्हापूरजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शाळेसाठी तिच्याकडे नऊ सुती साड्या होत्या आणि ब्लाउज पाचच: काळा, मोतिया, गडद लाल खणाचा, बाटली हिरवा आणि विटकरी. तिच्या पर्समध्ये एक छोटी वही असायची. वहीच्या पानांवर प्रत्येक ब्लाउजच्या कापडाची चिंधी टाचणीने टोचलेली. दुकानदाराने साडी उलगडली की आई ती उचलून दाराशी जायची, दिवसाच्या उजेडात धरायची आणि चिंध्या लावून बघायची. दोन चिंध्या जुळल्या तरच साडी घरी यायची. ट्यूबलाइटखाली आमसुली आणि चॉकलेटी यांतला फरक कळत नाही, मोरपंखी तर भलताच दिसतो, हे ती तेव्हापासून सांगायची. आजही मी कापड दाराशी नेल्याशिवाय घेत नाही. चिंध्यांची वही तुम्हीही करा. मोबाइलमधल्या फोटोवर रंगाचा भरवसा ठेवू नका.

तर आधी रंग ठरवा. दोन गडद आणि एक फिका, एवढे पुरतात. तुमच्या वर्णाला काय खुलतं ते तुम्हाला माहीत असेलच. मी तुमच्या जागी असते तर निळीचा गडद निळा, आमसुली आणि मोतिया घेतला असता. काळा हवा असेल तर निळ्याऐवजी काळा घ्या. काळा अशुभ म्हणून घरून विरोध होत असेल तर चंद्रकळेची आठवण करून द्या. संक्रांतीला आपल्याकडे सुना-लेकींना कौतुकाने काळीच साडी नेसवतात.

पहिला खर्च कापडावर आणि शिलाईवर करा. तयार कुर्ते वाईट असतात असं नाही, पण खांदा एका मापाचा आणि छाती दुसऱ्या मापाची असलेल्या आपल्यासारख्या माणसांना ते क्वचितच बसतात. ज्या कुर्त्याचा खांदा बाहेर उतरतो तो कितीही महाग असला तरी उसना आणल्यासारखा दिसतो. चांगल्या फिटिंगचे साधे सुती कुर्ते तीन, एका रंगाचे, नक्षी असलीच तर अगदी बारीक. कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. हातमागाचं कापड पुष्कळदा ३६ इंच पन्ह्याचं असतं आणि गिरणीचं ४४ किंवा त्याहून मोठं. त्यामुळे ४४ पन्ह्याला अडीच मीटरमध्ये होणारा लांब कुर्ता ३६ ला तीन मीटरपर्यंत जातो. हे न विचारता आणलं की बाह्या आखूड होतात. सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून द्या. म्हणजे जे आटायचं ते आधीच आटतं. गडद रंगाचं असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने उलट्या बाजूला घासून बघा, रंग सुटतो का ते लगेच कळतं. आणि टेलरना आठवणीने सांगा, बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवा. तिशीत अंग बदलतं. माझे दोन कुर्ते निव्वळ आत ठेवलेल्या मायेमुळे अकरा वर्षं चालले.

यातली एक चूक मी केलेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सेलमध्ये एकदम सात टॉप घेतले. रंग सुंदर होते. दुसऱ्या धुण्यात चार आटले, दोन टॉपच्या शिवणी तिरक्या झाल्या आणि राहिलेला एक कशाबरोबरच जाईना. त्या पैशांत त्या वेळी तीन कुर्ते शिवून झाले असते. मला याचं खूप वाईट वाटलं होतं, कारण पहिल्या बोनसचे पैसे होते ते.

खाली घालायला काळी सरळ पँट एक, मोतिया रंगाची एक आणि तुमची आहे ती जीन्स. मोतिया पँटचं कापड हातावर धरून बघा. हात आरपार दिसला तर ती नको.

आता ज्याने हे साधं कपाट एकदम उठून दिसतं ती वस्तू सांगते: खणाचं बिनबाह्यांचं जाकीट. खण म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं कापड. आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच चोळ्या घालत आल्या. बारीक नक्षी, दोन्ही बाजूंना काठ, अंगाला एक चमक. गडद लाल किंवा काळसर हिरव्या खणाचं कमरेपर्यंतचं जाकीट शिवून घ्या. बाहेरच्या लोकांबरोबर बैठक असेल तेव्हा ते मोतिया कुर्त्यावर घाला. पांढऱ्या शर्टावर आणि काळ्या पँटवरही ते तितकंच नेटकं दिसतं, आणि थंडीच्या लग्नात साध्या साडीवरही चालतं. खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे कापड थोडं जास्त घ्यावं लागतं. कडा उसवतात, म्हणून अस्तर लावल्याशिवाय शिवू नका. अस्तर सुतीच लावा, नाहीतर एप्रिलमध्ये अंगावर ठेववणार नाही.

त्याच खणाचा एक ब्लाउजही शिवा, गडद लाल. याला एक खास कारण आहे. पारंपरिक इरकलीचं अंग निळं असो, हिरवं असो की काळं, पदर बहुतेक लालच असतो, पांढऱ्या नक्षीचा. तो पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा, असतो आणि अंगाच्या ताण्याला धाग्यांच्या फासांनी जोडलेला असतो. विणकर त्याला टोप तेनी म्हणतात. त्यामुळे एक लाल ब्लाउज जवळपास प्रत्येक इरकलीवर जातो. आईच्या, मावशीच्या, काकूच्या कपाटात एखादी इरकल असतेच, मागून आणा. दुसरा ब्लाउज मोतिया किंवा फिक्या सोनेरी रंगाचा, कोपरापर्यंतच्या बाहीचा. दोन ब्लाउजांमध्ये तुमची चारही लग्नं होतील.

कारण लग्नासाठी मी तुम्हाला एकही साडी विकत घ्यायला सांगणार नाही. हळदीला इरकल, एका लग्नाला आईची रेशमी साडी, दुसऱ्याला मोठ्या बहिणीची, रिसेप्शनला महेश्वरी किंवा चंदेरी. या दोन्ही वजनाला हलक्या असतात, निऱ्या नीट बसतात आणि एकट्या मुलीला खोलीत नेसता येतात. पैठणीचा मोह पहिल्या वर्षी टाळा. कमी पैशात पैठणी म्हणून जे मिळतं ते बहुधा यंत्रमागावरचं असतं. घ्यायचं तर ते यंत्रमागाचं आहे हे माहीत असून घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही, पण पैठणीची किंमत मोजून घेऊ नये. ओळखायचं सोपं आहे: पदर उलटा करा. पैठणीचा पदर येवल्याच्या किंवा पैठणच्या हातमागावर एकेका रंगाचा धागा हाताने गुंतवत विणलेला असतो, म्हणून मोर आणि वेली मागून पुढून सारख्याच दिसतात. मागे धागे लोंबत असतील किंवा कापलेली टोकं दिसत असतील तर ती हातमागाची पैठणी नाही. रेशमाबद्दल शंका असेल तर सिल्क मार्कची खूण बघा. सुटा धागा मिळाला तर जाळून बघा: खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

ओढणी एकच घ्या, पण कोशाची. विदर्भात भंडारा, गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवतात. त्या रेशमाला तिकडे कोसा म्हणतात. त्याचा न रंगवलेला रंग मधासारखा असतो, आणि मला तरी अजून असा रंग सापडलेला नाही जो त्याच्याशी भांडतो. निळ्या कुर्त्यावर, आमसुली कुर्त्यावर, जीन्स आणि पांढऱ्या शर्टावर गळ्याभोवती, कशावरही जातो. चांदीबरोबर जातो आणि सोन्याबरोबरही. पहिल्या तीन महिन्यांत एकच महाग वस्तू घेणार असाल तर ती ही घ्या. माझी आता सोळा वर्षांची आहे आणि तिचा पोत वापरून वापरून अधिकच मऊ झालाय.

दागिन्यांत चांदीची, सोन्याचं पाणी दिलेली ठुशी. ती गळ्याशी घट्ट बसते आणि मागच्या गोंड्याने कमी-जास्त करता येते. त्यामुळे साडीवर शोभते तशी कॉलरच्या उघड्या गळ्यातही शोभते. कानात मोत्याच्या कुड्या. एवढ्यावर ऑफिसपासून सत्यनारायणापर्यंत सगळं होतं. नाक टोचलेलं नसेल तर लग्नासाठी चापाची नथ. बांगड्यांचा ढीग नको, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्यात एक कडं. तुळशीबागेत शंभर गोष्टी डोळ्यांत भरतील. जरूर बघा, मलाही तिथे अजून तितकाच आनंद होतो, पण चिंध्यांची वही घेऊन जा.

चपलांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे बहुतेक मुली काटकसर करतात आणि पाय दुखवून घेतात. एक बंद बूट रोजच्या चालण्याचे, आणि एक कोल्हापुरी जोड. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते, खिळे न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेली. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तिचा तो मूळ बदामी-तपकिरी रंग तुमच्या तिन्ही रंगांवर चालतो. पहिले काही दिवस ती टोचते. आतल्या बाजूला खोबरेल तेलाचा हात फिरवा आणि घरात अर्धा तास, एक तास अशी घालून हिंडा. पावसात मात्र चुकूनही घालू नका. असं कमावलेलं चामडं भिजलं की फुगतं आणि वाळताना वाकडं होतं. जूनमध्ये कागदात गुंडाळून ठेवा, नवरात्रात काढा.

सांभाळण्याचं थोडक्यात: जरीच्या कपड्यांवर अत्तर मारू नका, जर काळी पडते. डांबरगोळ्याही जरीला लागू देऊ नका. रेशमी साडी मलमलच्या जुन्या कापडात ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर ती घडीवरच चिरते. आईची साडी मागून आणाल तेव्हा हे नक्की करा.

या महिन्यात मी सांगेन एवढंच करा: तीन कुर्त्यांचं कापड, दोन ब्लाउजांचं आणि जाकिटाचा खण घ्या, सगळ्याच्या चिंध्या वहीत टोचा आणि घराजवळचे टेलर शोधा. पहिल्यांदा एकच कुर्ता शिवायला द्या. तो घालून दोन दिवस ऑफिसला जा, हात वर करून, खाली बसून बघा, कुठे आवळतं ते सांगून दुरुस्त करून घ्या आणि त्याच मापाने बाकीचं द्या. आणि श्रावणाच्या आत द्या. गणपती जवळ आले की चांगले टेलर नवीन काम हातात घेत नाहीत.