मुतखड्यावर पानफुटीची पानं खाल्ली तर चालतात का?
पान मातीवर पडलं की कडेच्या खाचांतून इवली रोपं फुटतात, तीच ना? मूळची मादागास्करची, पण आमच्या पंचवटीतल्या वाड्यात तुळशीशेजारी कायम असायची. गळू झालं की आजी पान तव्यावर जरासं शेकून, ठेचून बांधायची. एवढं मीही करतो.

मुतखड्यासाठी सकाळी उपाशीपोटी पानं चावायची पद्धत जुनी आहे, पण खडा विरघळेलच असं धरून बसू नका, आधी सोनोग्राफी करा. हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं त्यात असतात. जास्त खाऊन गुरं दगावतात. हृदयाची गोळी चालू असेल तर नकोच.

बाकी पान सकाळी आंबटढाण, संध्याकाळी जवळपास बेचव लागतं. रात्री साठवलेलं आम्ल झाड दिवसभरात वापरून टाकतं.