एलपीएसला दाद न देणारा उंदीर साल्मोनेलाने का मरतो?

प्रश्न रास्त आहे: सी३एच/एचईजे या प्रयोगशाळेतल्या वाणाच्या उंदराला एलपीएसचा (साल्मोनेलासारख्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातल्या रेणूचा) मोठा डोस टोचला तरी तो तगतो, मग मोजक्या जिवंत साल्मोनेलांनी त्याच्या सख्ख्या भावंडांच्या, म्हणजे एलपीएसला दाद देणाऱ्या सी३एच/एचईएनच्या, आधी का जातो?

एलपीएस हे नेहमीच्या अर्थाने विष नाही, इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. उंदराचा जीव घेतो तो त्याच्याच मॅक्रोफेजांनी (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींनी) बेसुमार सोडलेला टीएनएफ हा दाह पेटवणारा रेणू आणि त्याचे साथीदार. या पेशींना उठवणारा, एलपीएस ओळखणारा रिसेप्टर म्हणजे टीएलआर४. एचईजेमध्ये त्याच्या ७१२व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन बसलंय, तेही पेशीच्या आतल्या भागात. म्हणजे बाहेर एलपीएस येऊन चिकटलं तरी निरोप आत पोचत नाही. १९९८ साली ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने हे दाखवलं. एका अमिनो आम्लाने एवढा फरक पडावा, याचं मला आजही नवल वाटतं.

शुद्ध एलपीएस टोचलं तर ही बधिरता उंदराला वाचवते, कारण तिथे वाढणारं काहीच नसतं. साल्मोनेला मात्र दुपटीने वाढत असतो आणि सुरुवातीचे काही तासच निर्णायक ठरतात; तेव्हा टीएलआर४चा इशाराच मिळाला नाही, तर तो हाताबाहेर जातो. इशारा देणारे इतर रिसेप्टरही आहेत: टीएलआर२ जिवाणूंची लायपोप्रोटीनं ओळखतो, टीएलआर५ त्यांच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन, शिवाय पेशीद्रवात एनएआयपी५ व एनएलआरसी४ची जोडी असते. पण टीएलआर४ची उणीव त्यांच्याने भरून निघत नाही.

असे प्रयोग करताना दोन गोष्टी मात्र सांभाळा. कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, बीएल/६ हा उंदरांचा दुसरा वाण घेऊ नका. त्यांच्यात एनरॅम्प१ हे जनुक सदोष असतं, त्यामुळे ते साल्मोनेलाला वेगळ्याच कारणाने बळी पडतात आणि तुमची तुलनाच फसते.

दुसरी एलपीएसच्या शुद्धतेची. एकदा एचईजेच्या मॅक्रोफेजांची टीएनएफ एलायझा (रंगावरून टीएनएफ मोजणारी चाचणी) लावली होती. ॲसिड घातल्यावर चाचणीच्या ताटलीतले जे खळगे बिनरंगी राहायला हवे होते ते चक्क पिवळे झाले. दोन आठवडे मी पेशींनाच दोष देत होतो. खरा दोष बाटलीतला होता: साध्या एलपीएसमध्ये लायपोप्रोटीन मिसळलेलं असतं आणि ते टीएलआर२ला जागं करतं. फिनॉलने पुन्हा शुद्ध केलेलं एलपीएस वापरलं, तेव्हा एचईजेचे खळगे कोरे राहिले आणि एचईएनचे तेवढे पिवळे झाले. तुमच्या पेशी थोडाफार प्रतिसाद देत असतील, तर उंदरांवर शंका घेण्याआधी ही बाटली तपासा.