रस्त्यावर पोलिसांचं शूटिंग केलं, तर गुन्हा होतो का?

प्रश्न : पत्नी मागे हेल्मेट न घालता बसली होती म्हणून नाशिकमध्ये सिग्नलला आम्हाला अडवलं. 'पावती नको असेल तर दोनशे द्या' असं हवालदार म्हणाले, तेव्हा मी पैसे न देता मोबाइलवर शूटिंग सुरू केलं, मोबाइल अगदी त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांनी मोबाइल हिसकावून व्हिडिओ डिलीट केला. मग ठाण्यात नेऊन '३५३ लावतो' अशी धमकी दिली आणि 'पुन्हा शूटिंग करणार नाही' असा माफीनामा लिहून घेतला. माझ्यावर गुन्हा दाखल होईल का? व्हिडिओ मोबाइलच्या ट्रॅशमध्ये सापडला आहे. फेसबुकवर टाकू का?

उत्तर : आधी तो व्हिडिओ ट्रॅशमधून बाहेर काढा. हे आजच करा, कारण ट्रॅश ठरावीक दिवसांनी आपोआप रिकामा होतो. बाकीचं त्यानंतर वाचा.

रस्त्यावर ड्युटीवर असलेल्या पोलिसांचं चित्रीकरण करू नये, असं मोटार वाहन कायद्यात किंवा भारतीय न्याय संहितेत कुठेही म्हटलेलं नाही. 'तुम्हाला तसा हक्क आहे' असं स्पष्ट सांगणारं कलमही नाही. आपला आधार आहे तो घटनेच्या कलम १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. वर्ध्याच्या एका पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून एका नागरिकावर थेट शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. पोलीस ठाणे हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं न्यायालयाने सांगितलं. ठाण्याची ही स्थिती असेल, तर भर चौकातल्या सिग्नलला तो कायदा लावणं आणखीच अवघड आहे.

आता '३५३' बद्दल. हे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम. जुलै २०२४ पासून त्याच्या जागी न्याय संहितेचं कलम १३२ आलं आहे. ते अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, म्हणूनच त्याचा धाक दाखवतात. पण ते लागण्यासाठी सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर झालेला असावा लागतो. हातात मोबाइल धरणं म्हणजे बळाचा वापर नव्हे. नुसत्या अडथळ्यासाठी वेगळं कलम आहे, २२१. ते अदखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत) आणि जामीनपात्र आहे, आणि संबंधित अधिकाऱ्याने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय त्याची दखलही घेत नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. 'मोबाइल अगदी त्यांच्या तोंडासमोर धरला' असं तुम्ही लिहिलं आहे. पोलीस बोट ठेवतील ते नेमकं इथेच. चार पावलं मागे उभं राहून, लायसन्स दाखवत, गप्प राहून केलेलं शूटिंग वेगळं. वाट अडवून, अंगावर जाऊन, धक्काबुक्की करत केलेलं वेगळं. गाडी चालू असताना मोबाइल हातात घेतलात, तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली तुमचाच गुन्हा ठरतो. आणि हेल्मेटचा दंड भरावाच लागेल. व्हिडिओ काढला म्हणून तो माफ होत नाही.

मोबाइल हिसकावून घेणं मात्र साफ बेकायदा होतं. गुन्ह्याशी संबंधित वस्तू पोलीस जप्त करू शकतात, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १०६ प्रमाणे त्याची नोंद करून दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दुसऱ्याच्या मोबाइलमधला व्हिडिओ पुसून टाकण्याचा अधिकार तर कोणत्याच कायद्याने दिलेला नाही. माफीनाम्याचीही चिंता नको. पोलिसांपुढे दिलेली कबुली साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही.

फेसबुकवर इतक्यात टाकू नका. त्यात तुमच्या पत्नीचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चेहरा दिसत असेल. शिवाय रागाच्या भरात लिहिलेल्या दोन ओळींवरून बदनामीची तक्रार होऊ शकते. मूळ फाइल कापू-छाटू नका आणि मोबाइल फॉरमॅट करू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत मूळ फाइलसारखी राहत नाही. पुढे न्यायालयात ही फाइल दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागेल. असं प्रमाणपत्र किती अटळ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक खटल्यातच ठरवून दिलं आहे.

दोनशे रुपये तुम्ही दिले नाहीत, हे फार चांगलं केलंत. लाच नुसती मागणं हाही गुन्हा आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर तक्रार करा. वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या दिवशीचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं, अशी मागणी त्याच अर्जात करा. माहिती अधिकारातही ते मागा. ठाण्यातलं चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान वर्षभर ठेवावं, असे सर्वोच्च न्यायालयाचे डिसेंबर २०२० पासूनचे आदेश आहेत.

ठाण्यातून फोन आला तर तोंडी बोलावण्यावर जाऊ नका, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची लेखी नोटीस मागा. नोटीस आली की मात्र टाळू नका. वकिलाला सोबत घेऊन हजर व्हा. कलम १३२ लावल्याचं कळलं, तर त्याच दिवशी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा आणि त्याला हा व्हिडिओ जोडा.